कंबरदुखीच्या रुग्णांना व्हीआरची सोय तालुक्यातच मिळावी, आणि आपल्या भाषेत

संपादक महोदय,

साखळी, वाळपई, काणकोण, कुडचडे इथली सरकारी आरोग्य केंद्रं आणि फोंड्याचं उपजिल्हा इस्पितळ, इथे जुनाट दुखण्याच्या रुग्णांना व्हर्च्युअल रिअॅलिटीच्या (व्हीआर), म्हणजे डोळ्यांवर हेडसेट बांधून दिसणाऱ्या आभासी जगाच्या, मदतीने शरीर-मन सैल सोडायला शिकवण्याची सोय व्हावी आणि त्या कार्यक्रमातला आवाज मराठीत व कोकणीत असावा, ही मागणी करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मागणी नवखी वाटेल. पण ही वस्तू मी स्वतः वापरते आहे. तिच्यामागचं शास्त्र मी विचारून-विचारून समजून घेतलं आहे आणि तिच्या मर्यादाही मला दिसल्या आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहिते. जागा असेल तर पत्र पूर्ण छापावं ही विनंती.

मी साखळीत शिवणकाम करते. काम शिकले ते माहेरी, सत्तरीत, पायाच्या मशीनवर. आता मशीनला मोटर आहे, पण बसणं तेच. मे महिना लागला की शाळांचे गणवेश, चवथीआधी फुगडीच्या पथकांचे ब्लाऊज, तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई. कापड जमिनीवर पसरून वाकून कापायचं आणि मग मान खाली घालून तासन्‌तास मशीनवर बसायचं. या धंद्यातल्या बाईची कंबर कधी ना कधी बोलतेच. माझी बोलू लागली ती गप्पच होईना. आधी फक्त संध्याकाळी दुखायची, मग सकाळी अंथरुणातून उठतानाच कळ येऊ लागली. पुढे तर दुखेल या धास्तीनेच मी वाकायचं टाळू लागले. खाली पडलेली कात्री उचलायलासुद्धा घरातल्या कुणाला तरी हाक मारायची. ज्या पथकात मी फुगडी घालायची तिथे आता कडेला बसून टाळ्या द्यायची पाळी आली.

एमआरआय झाला. खालच्या मणक्यांमधली एक चकती थोडी सरकली आहे, नस दाबलेली नाही, शस्त्रक्रियेची गरज नाही, असं सांगितलं. ही चांगली बातमी होती हे मला कळतं. पण मग दुखतं का, आणि त्याचं करायचं काय, हे कुणी सांगेना. एका डॉक्टरांनी वयावर बोट ठेवलं. दुसऱ्यांनी पट्टा लिहून दिला. तिसऱ्या ठिकाणी वजन लावलं. गोळ्या तर होत्याच. त्या घेतल्या की चार तास बरे जायचे आणि पोटात जळजळ सुरू व्हायची. घरात कुणी वाईट बोललं नाही, पण रिपोर्ट बरा आला म्हटल्यावर लोकांच्या नजरेत एक शंका येते. दुखणं डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते खरं किती, अशी शंका. जुनाट दुखण्याच्या प्रत्येक माणसाला ही नजर ओळखीची आहे.

माझी मुलगी फार्मसी शिकली आहे. तिने मला एक गोष्ट वाचून दाखवली आणि ती मी गोव्यातल्या प्रत्येक पट्टा बांधलेल्या माणसाला सांगू इच्छिते. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी प्रथमच मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असा त्यांचा अंदाज आहे. दुखण्याविषयी नीट माहिती देणं, व्यायाम, काही प्रकारचे शारीरिक उपचार, आणि विचार व सवयी बदलायला शिकवणारे मानसोपचार हे त्यांनी सुचवलं आहे. नेहमीच्या उपचारात वापरू नये असं ज्याबद्दल सांगितलं आहे, त्यात कमरेचे पट्टे आहेत, वजन लावून ओढणं आहे आणि अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्याही आहेत. ज्या दोन गोष्टींवर माझे सगळ्यात जास्त पैसे गेले त्या दोन्ही या यादीत निघाल्या. ज्या गोष्टी सुचवल्या आहेत, त्यातल्या मानसिक बाजूचं नाव मी तोवर कुठल्याच इस्पितळात ऐकलं नव्हतं.

मानसिक म्हटलं की आपल्याकडे माणूस दुखावतो. मीही आधी दुखावलेच असते. पण वेदनेचं शास्त्र काही वेगळंच सांगतं. १९६५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या संशोधकांनी मांडलं की शरीरातून येणारा दुखण्याचा संदेश थेट मेंदूत जाऊन पोचत नाही. मज्जारज्जूत त्याला एक दार पार करावं लागतं, आणि ते दार किती उघडायचं हे मेंदूकडून खाली येणारे संदेशही ठरवतात. भीती, झोपमोड, चिंता यांनी दार अधिक उघडतं. लक्ष दुसरीकडे गेलं, शरीर सैल झालं, की ते थोडं मिटतं. त्यानंतर या सिद्धान्तात पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण वेदनेत मेंदूचा वाटा असतो हे कायम राहिलं. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. तिच्यासोबतच्या टिपांत लिहिलं आहे की एखादी व्यक्ती मला दुखतंय असं सांगते तेव्हा तिच्या सांगण्याचा मान राखावा. हे वाक्य प्रत्येक ओपीडीच्या भिंतीवर लावावं असं मला वाटतं.

तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेल्या दुखण्याला जुनाट म्हणतात. त्यात बऱ्याचदा मूळ इजा भरून आलेली असते, पण मज्जासंस्था हळवी होऊन बसलेली असते. मशीनचं टेन्शन जास्त आवळलेलं असलं की चांगला दोराही तुटतो. दोष दोऱ्यात नसतो आणि कापडातही नसतो. माझ्या कमरेचं तेच झालं होतं. दुखत नसलेल्या माणसांचे एमआरआय काढले तरी त्यांतही झिजलेल्या, सरकलेल्या चकत्या दिसतात, हे मला फार उशिरा कळलं. ते कळलं त्याच दिवशी माझी अर्धी भीती गेली.

हे सगळं मला समजावलं ते म्हापशातल्या एका खासगी फिजिओथेरपी केंद्रातल्या मुलीने. माझ्या मुलीच्याच वयाची. मी तिला बाय म्हणते, ती मला काकी. मान किंवा कंबर हलवायला घाबरणाऱ्या रुग्णांसाठी तिने स्वतःच्या पैशांनी एक व्हीआर हेडसेट आणला होता. डोळ्यांवर बांधायचा जाड चष्माच तो. आत दोन भिंगं आणि पडदा असतो. डोकं फिरवाल तसं चित्र फिरतं, त्यामुळे आपण त्या जागी जाऊन बसलो आहोत असंच वाटतं. मी आधी नको म्हटलं. ती म्हणाली, "काकी, नाही जमलं तर काढून ठेवूया, जबरदस्ती नाही."

डोक्यावर चढवताना पहिली अडचण आली ती अंबाड्याची. मागचा पट्टा नेमका त्यावर बसत होता, म्हणून अंबाडा सोडून वेणी घालावी लागली आणि अबोलीचा वळेसर काढून पर्समध्ये ठेवावा लागला. चष्मा आत मावेना, तेव्हा तिने भिंगांपुढची चौकट पुढे सरकवून जागा केली. चाकं नसलेली खुर्ची, दोन्ही पावलं जमिनीवर टेकलेली, कमरेमागे छोटी उशी. चित्र आधी अंधुक होतं. तिने हेडसेट गालांवरून किंचित वर सरकवला आणि एकदम सगळं स्वच्छ दिसलं. समोर तळं, पलीकडे बर्फाचे डोंगर, जवळ एक झाड. आणि कानात एका बाईचा इंग्रजी आवाज.

माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. इंग्रजी मला वाचता येतं, फलक, कागद, बिलं सगळं वाचते. पण तो आवाज म्हणजे वाहत्या नळासारखा अखंड, शब्द सुटे ऐकूच येईनात. एक वाक्य मनात जुळवेपर्यंत पुढचं येऊन जायचं. तिने श्वास घ्यायला सांगितला तेव्हा मी सोडत होते. आपल्याला जमत नाही या विचाराने खांदे आणखी वर चढले. पाच मिनिटांत कपाळ ठणकायला लागलं.

तेव्हा त्या मुलीने जे केलं त्यासाठीच मी हे पत्र लिहायला बसले. तिने हेडसेटचा आवाज बंद केला, स्टूल ओढून माझ्या बाजूला बसली आणि स्वतः बोलू लागली. "काकी, खांदे सोडा. दात दातांवर ठेवू नका. जीभ टाळूला लावलीय ती खाली येऊ द्या. आता नाकाने श्वास घ्या, पोट फुगू दे. आता सोडा. सावकाश. कुठे जायची घाई नाही." समोरचं झाड श्वासाबरोबर हलत होतं. श्वास लांब सोडला की त्याला पालवी फुटायची, घाई केली की पानं मिटायची. दात दातांवर ठेवू नका असं ती म्हणाली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माझा जबडा दिवसभर आवळलेला असतो. आम्ही शिवणाऱ्या बायका टाचण्या ओठांत धरतो. टाचण्या नसल्या तरी तोंड तसंच मिटलेलं राहतं. जबडा सुटला, मग मान, मग पाठ, आणि शेवटी कमरेच्या त्या जागी एक ऊब आली. दुखणं तिथेच होतं. पण ते पहिल्यासारखं सगळ्या घरभर पसरलेलं नव्हतं, कोपऱ्यात बसलं होतं.

त्यानंतर ती दर वेळी तसंच करते. आवाज बंद आणि स्वतःचं बोलणं. घरी सरावासाठी तिने स्वतःच्या आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड करून दिलं आहे. घरी हेडसेट नसतो, पण डोळे मिटून तेच झाड मला आता आठवता येतं. तिच्या मते सगळं शिकायचं ते यासाठीच, हेडसेट कायमचा लागता कामा नये.

फरक किती पडला तेही सांगते, वाढवून सांगायचं नाही. कंबर दुखते. पावसाळी हवेत जास्त दुखते. पण गोळ्या पुष्कळ कमी झाल्या आहेत, झोप लागते, आणि दुखेल म्हणून हालचाल टाळायची सवय बरीचशी गेली आहे. शरीर सैल झालं असताना लगेच ती माझ्याकडून कंबर वळवण्याचे, वाकण्याचे व्यायाम करून घेते. त्या वेळी भीती कमी असते म्हणून ते जमतात, आणि एकदा जमले की दुसऱ्या दिवशीही जमतात. खरा गुण या जोडीचा आहे असं मला वाटतं. नुसतं तळं बघून कंबर बरी होत नाही. आता मी संध्याकाळी वाळवंटी नदीच्या काठाने विठ्ठल मंदिरापर्यंत चालत जाते, मध्ये न बसता.

हा माझ्या एकटीचा अनुभव. पण याला अभ्यासाचा आधार आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेत सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी 'स्नोवर्ल्ड' नावाचं आभासी जग बनवलं. जखमेचं ड्रेसिंग बदलताना, जेव्हा औषधं देऊनही जीव नकोसा होतो, तेव्हा रुग्ण बर्फाच्या दरीत फिरायचा, बर्फाचे गोळे फेकायचा. वेदना लक्ष मागते, आणि ते लक्ष दुसरीकडे गुंतलं की तिचा जोर कमी होतो, हे त्यातून दिसलं. मात्र तो तात्पुरत्या, तीव्र वेदनेचा विषय होता. जुनाट दुखण्यात माणसाला वर्षानुवर्षं त्याच शरीरात राहायचं असतं, तिथे नुसतं लक्ष वळवून भागत नाही, काही तरी शिकावं लागतं.

ते शिकवणारा 'ईझव्हीआरएक्स' नावाचा कार्यक्रम अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२१ मध्ये जुनाट कंबरदुखीच्या प्रौढ रुग्णांसाठी मान्य केला. तो डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतो. एकूण ५६ सत्रं, प्रत्येक २ ते १६ मिनिटांचं, आठ आठवडे. त्यात खोल श्वास, स्नायू सैल सोडणं, लक्ष वळवणं, स्वतःशी मायेने वागणं, वेदनेची माहिती असं सगळं असतं. श्वास हेडसेटच्या मायक्रोफोनपर्यंत पोचावा म्हणून त्याला एक छोटा भाग जोडलेला असतो. ज्या चाचणीवर ही मान्यता दिली तिच्यात १७९ जण होते. निम्म्यांना हा कार्यक्रम मिळाला, उरलेल्यांना तसली कौशल्यं न शिकवणारी साधी, सपाट चित्रं. शेवटी पहिल्या गटातल्या ६६ टक्क्यांचं दुखणं ३० टक्क्यांहून अधिक कमी झालं होतं, दुसऱ्या गटातल्या ४१ टक्क्यांचं.

माझ्या मुलीने हे आकडे सांगितले तेव्हा मी त्या ४१ वर अडले. साध्या चित्रांनीही इतक्यांना बरं वाटलं. म्हणजे रोज थोडा वेळ शांत बसणं, आपल्याकडे कुणी तरी लक्ष देतंय ही भावना, यांचंही मोल मोठं आहे. आणि दुसऱ्या बाजूला पहिल्या गटातल्या जवळपास एक तृतीयांश लोकांना तेवढा गुण आलाच नाही. कुणी हे यंत्र रामबाण म्हणून विकायला आलं तर हे दोन्ही आकडे त्याच्यापुढे ठेवावेत. मी जो कार्यक्रम वापरते तो ईझव्हीआरएक्स नाही, हेडसेटवर सहज मिळणारा श्वासाचा साधा कार्यक्रम आहे, हेही स्पष्ट करते.

आमच्या भजनी मंडळातल्या एका वडीलधाऱ्यांनी विचारलं, शवासन आहे, प्राणायाम आहे, देवाचं नाव आहे, मग हे यंत्र कशाला? प्रश्न रास्त आहे. ज्याला शवासन साधतं त्याने शवासनच करावं. पण जुनाट दुखण्याच्या माणसाने डोळे मिटले की आत दुसरं काही नसतं, फक्त दुखणं असतं, आणि ते डोळे उघडे असतानापेक्षा मोठं होतं. मी कितीदा शवासनातून रडत उठले आहे. हेडसेटमध्ये डोळे उघडे राहतात. त्यांना बघायला काही तरी असतं. त्या आधाराने श्वास लागला की मग डोळे मिटून बसणं जमू लागतं. मला शवासन जमू लागलं ते यानंतरच.

आता सावधगिरीचं. फिट येण्याचा आजार असलेल्यांनी, भोवळ येणाऱ्यांनी, पेसमेकर बसवलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हेडसेट लावू नये. काहींना मळमळतं. वर सांगितलेल्या चाचणीत दहातल्या एकाला मळमळ झाली आणि पाचातल्या एकाला हेडसेटचाच त्रास झाला. चालतं-पळतं चित्र नको, स्थिर जागेचं घ्यावं, बसूनच घ्यावं, आणि उतरवल्यावर लगेच स्कूटर चालवायला निघू नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कंबरदुखीबरोबर पायातली ताकद गेली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा आला, ताप किंवा वजन घटणं सुरू झालं, किंवा पडल्यानंतर दुखणं लागलं, तर हेडसेट नको, गोळी नको, थेट इस्पितळ गाठावं.

आता माझ्या मागणीकडे येते. हे सगळं मला मिळालं कारण मला म्हापशाला जाणं परवडतं, बसचा धक्का सोसवतो, आणि एक समंजस मुलगी भेटली. माझ्या ओळखीत खाणींवर आयुष्यभर ट्रक चालवलेले पुरुष आहेत. रस्त्यांचे हादरे खाऊन त्यांच्या पाठी गेल्या आणि मग खाणी बंद पडून कामही गेलं. काजूच्या हंगामात दिवसभर वाकून बोंडं वेचणाऱ्या बायका आहेत. शेतात तरवा लावणाऱ्या आहेत. खरी कंबरदुखी इथे आहे, डिचोली-सत्तरीत, सांग्यात, धारबांदोड्यात, पेडण्याच्या वाड्यांवर. आणि आरामाचे, वेलनेसचे फलक सगळे किनारपट्टीत, पाहुण्यांसाठी. पाहुण्यांना मिळतंय याचं वाईट वाटत नाही. पण ज्यांच्या पाठींवर हा गोवा उभा आहे त्यांनाही सैल होऊन बसायला दहा मिनिटं मिळाली पाहिजेत, आणि ती त्यांच्या गावाजवळ मिळाली पाहिजेत.

लागणारा खर्च फार नाही. असा एक हेडसेट बऱ्यापैकी स्मार्टफोनच्या किमतीत येतो. दिवसभरात कित्येक रुग्ण तो वापरू शकतात. लागतो तो शिकवलेला माणूस, फिजिओथेरपिस्ट किंवा परिचारिका, जी शेजारी बसेल. नुसता हेडसेट खरेदी करून कपाटात कुलूपबंद ठेवायचा असेल तर तो घेऊच नये. हृदयविकाराच्या झटक्यासाठी 'स्टेमी गोवा' प्रकल्पात तालुक्याच्या केंद्रात काढलेला ईसीजी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातल्या तज्ज्ञांपर्यंत पोचतो आणि तिथून सल्ला येतो. जुनाट दुखण्यासाठी तशीच साखळी जोडता येईल. कुणाला हे द्यायचं, कुणाला नाही, हे बांबोळीतल्या तज्ज्ञांनी ठरवावं आणि सराव गावाजवळ व्हावा. आणि गुण किती येतो याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी. नोंदीत उपयोग दिसला नाही तर बंद करावं.

आवाजाचा आग्रह मात्र मी सोडणार नाही. सैल व्हायला सांगणारा आवाज ज्याला कळत नाही, त्याला तो आवाज म्हणजे आणखी एक परीक्षा होते. हा कार्यक्रम मराठीत हवा आणि कोकणीत हवा, रुग्णाने निवडावा. भाषांतर करून वाचलेला नको, माणसाशी बोलल्यासारखा हवा. वाक्यांच्या मध्ये जागा सोडलेली हवी, कारण दुखणाऱ्या माणसाचा श्वास आखूड असतो. वयस्कर माणसांना ऐकू जाईल असा, जरा खालच्या पट्टीतला.

आणि चित्रंही आपली हवीत. बर्फाचे डोंगर सुंदर आहेत, पण मी बर्फ कधी पाहिला नाही. थंडावा म्हटलं की मला कुळागर आठवतं. वर सुपारीची झाडं, खाली केळी, मिरीच्या वेली, आणि पाटाने वाहणारं पाणी. दुपारी बारा वाजताही तिथे अंगाला गारवा लागतो. हरवळ्याचा धबधबा आहे, पावसाळ्यातला. वाळवंटीचा घाट आहे पहाटेचा. चारी बाजूंचं चित्र घेणारा कॅमेरा एका जागी तिवईवर ठेवून दहा-पंधरा मिनिटं चित्रण केलं की झालं, त्यात कॅमेरा हलवायचा नाही, म्हणजे मळमळही नाही. फर्मागुढीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांना प्रकल्प म्हणून हे काम देता येईल. फिजिओथेरपिस्टांनी मजकूर लिहावा, मुलांनी तो चित्राशी जोडावा. आवाजासाठी आमच्या फुगडी पथकातल्या दोघी आनंदाने येतील. एकीचं बोलणं मराठी, दुसरीचं कोकणी, आणि दोघींचे गळे असे आहेत की रडणारं मूलही गप्प होतं.

एक छोटी अडचण राहते, ती माझ्या धंद्यातली आहे. हेडसेटला चेहऱ्याशी लागणारा फेसाचा भाग गोव्याच्या दमट हवेत घामाने लगेच ओला होतो. एका रुग्णाने काढला की दुसऱ्याला लावायला नकोसा वाटतो, आणि पुसून तो पुरता स्वच्छ होत नाही. म्हापशाच्या केंद्रासाठी मी मऊ सुती कापडाची, आतून दुहेरी, कडेला इलास्टिक घातलेली आवरणं शिवून दिली आहेत. प्रत्येक रुग्णाला वेगळं द्यायचं, वापरल्यावर गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवायचं. आरोग्य खात्याने ही सोय सुरू केली तर पहिल्या केंद्राला लागतील तेवढी आवरणं मी विनामूल्य शिवून देईन. हेडसेट कोणता घेतला तेवढं कळवावं, म्हणजे त्याचं माप घेता येईल.

आपली,
एक शिवणकाम करणारी वाचक
साखळी, डिचोली-गोवा